सहलीला मुक्काम हवा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : ग्रामीण शाळांच्या शैक्षणिक सहली आणि सुटीत कुलूपबंद राहणाऱ्या शाळा-इमारती

महोदय,

दिवाळीची सुटी संपली, की पंचायत समितीच्या शिक्षण विभागात शैक्षणिक सहलींच्या परवानगीचे प्रस्ताव येऊ लागतात. केंद्रप्रमुख म्हणून नोकरी करताना असे पुष्कळ प्रस्ताव माझ्या हातून पुढे गेले. त्यांत पालकांची संमतीपत्रे असत, मुख्याध्यापकांचे हमीपत्र असे, विद्यार्थ्यांची यादी, एसटी आगाराचे पत्र, प्रथमोपचार पेटी सोबत घेतल्याची नोंद आणि मुलींबरोबर शिक्षिका जाणार असल्याचा उल्लेखही असे. हे सारे कागद आवश्यकच आहेत. परंतु मुले तेथे जाऊन नेमके काय शिकणार आहेत, हे सांगणारा कागद त्या गठ्ठ्यात क्वचितच सापडत असे. ‘भेटीची स्थळे’ या रकान्यात सात-आठ गावांची नावे लिहिली, की शैक्षणिक भाग पूर्ण झाला असे सर्वांनीच, मीही, गृहीत धरलेले होते.

आमच्या वर्धा जिल्ह्यातून निघणारी ठरलेली सहल शेगाव, लोणार, सिंदखेडराजा, दौलताबाद आणि वेरूळ अशी जाते. यातले प्रत्येक स्थळ पाहण्यासारखे आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न तेथे मिळणाऱ्या वेळेचा आहे. लोणारचे विवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झाले असून अशा प्रकारची विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि अलीकडच्या कालमापनानुसार ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे आहे. पाणी क्षारयुक्त आहे, मात्र काठावरच धारेचे गोडे पाणी वाहते. २०२० च्या उन्हाळ्यात हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा परिणाम असल्याचे शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. एवढा ऐवज असलेल्या ठिकाणी आमची मुले काठावर उभी राहतात, गटाने छायाचित्र काढतात आणि पाऊण तासात गाडीत बसतात, कारण अंधार पडण्यापूर्वी सिंदखेडराजा गाठायचे असते. खाली उतरून पाण्यात लिटमस कागद बुडवावा, धारेच्या पाण्यात दुसरा बुडवावा आणि दोन्हींचे रंग वहीत टिपावेत, एवढी साधी गोष्टही या धावपळीत होत नाही. परतल्यावर निबंधाला ‘आमची सहल’ हा विषय मिळतो आणि निम्म्या निबंधांत गाडीत म्हटलेली गाणी व शेगावची कचोरी असते. मुलांनी जे खरोखर अनुभवले तेच त्यांनी लिहिले, म्हणून त्यांना दोष देता येत नाही.

शिक्षकांनाही मी दोष देणार नाही. पन्नास मुले मोजून नेणे आणि मोजून परत आणणे हेच काम इतके मोठे असते, की शिकवण्याला उसंत राहत नाही. दोष सहलीच्या बांधणीत आहे. आपण सहल म्हणजे प्रवास असे धरून चाललो आहोत, आणि जगात जेथे जेथे प्रवासातून शिक्षण घडले, तेथे ते मुख्यतः मुक्कामात घडले आहे. ह्युएनत्सांग चीनमधून आला तो नालंदा पाहून परतला नाही, तेथे राहून वर्षानुवर्षे शिकला. जर्मनीत सुतार, गवंडी असे कारागीर उमेदवारी संपल्यावर तीन वर्षे आणि एक दिवस गावोगावी काम करत फिरतात आणि त्या काळात स्वतःच्या गावापासून ५० किलोमीटरच्या आत येत नाहीत. ही प्रथा मध्ययुगापासून आजतागायत टिकून आहे. त्यांचे शिक्षण वाटेत होत नाही, ते परक्या गावच्या मिस्त्रीच्या हाताखाली होते.

या पत्राचा मुख्य मुद्दा सांगण्यासाठी जर्मनीतल्याच एका शाळामास्तरांची हकीकत थोडी विस्ताराने देतो. रिखार्ड शिरमान हे वेस्टफालियातील आल्टेना या गावी प्राथमिक शिक्षक होते. कारखान्यांच्या धुरात वाढणाऱ्या मुलांनी रानात, डोंगरात चालावे आणि वाटेत दिसेल ते शिकावे, असा त्यांचा आग्रह असल्यामुळे ते विद्यार्थ्यांना घेऊन अनेक दिवसांच्या पायी सहली काढीत. १९०९ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका सहलीत ब्रोल नदीच्या खोऱ्यात त्यांना वादळी पावसाने गाठले. एका शेतकऱ्याने थोडे गवत दिले आणि गावच्या शिक्षकाने सुटीमुळे रिकामी असलेली शाळेची खोली उघडून दिली. बाके बाजूला सारून, गवत अंथरून मुले झोपली. बाहेर रात्रभर विजा कडाडत होत्या आणि शिरमान मास्तर जागे होते. त्या रात्री त्यांच्या मनात आलेला विचार अगदी सरळ होता : प्रत्येक गावात शाळा आहे, सुटीत ती रिकामी असते, आणि एका दिवसाच्या चालीच्या अंतरावर अशी एकेक शाळा मुलांच्या मुक्कामासाठी उघडली तर गरिबाच्या मुलालाही देश पाहता येईल.

त्यांनी ही कल्पना वर्तमानपत्रात मांडली आणि सुरुवात स्वतःच्या शाळेपासून केली. सुटीत वर्गातली बाके हलवून तेथे गवताच्या गाद्या टाकल्या. १९१२ साली आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह उभे राहिले आणि १९३२ मध्ये निरनिराळ्या देशांतील अशा वसतिगृहांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. आज ज्यांना यूथ हॉस्टेल म्हणून जग ओळखते, त्यांचे मूळ एका प्राथमिक शिक्षकाने रिकाम्या वर्गखोलीत काढलेल्या रात्रीत आहे. त्यांना कोणत्याही मंत्रालयाने निधी दिलेला नव्हता. खोली होती, गवत होते आणि किल्ली देणारा दुसरा शिक्षक होता.

आपल्या मातीतही ही दृष्टी नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्या याच विचाराने, की यात्रेला जाणाऱ्याचा खरा अडसर रात्रीच्या निवाऱ्याचा असतो. आज एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते. तरीही सहलीची वर्गणी परवडत नाही म्हणून मागे राहणारी मुले प्रत्येक शाळेत असतात, कारण भाडे निम्मे झाले तरी लांबच्या गावचे भक्तनिवास, हॉटेलातले जेवण आणि ठिकठिकाणची प्रवेश फी यांचा भार उरतोच. डिसेंबर-जानेवारीत कापसाची वेचणी भरात असते आणि ज्या घरी आई व मोठी बहीण दुसऱ्याच्या शेतात किलोच्या दराने कापूस वेचते, त्या घरी ही वर्गणी म्हणजे कितीतरी दिवसांची मजुरी असते. सहलीचे चार दिवस अशी मुले शाळेत बसून राहतात किंवा वेचणीला जातात. त्यांची नावे ‘इच्छुक नाहीत’ या शीर्षकाखाली लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हा शब्दप्रयोग तेवढा प्रस्तावातून काढून टाकावा, अशी माझी वेगळी विनंती आहे.

माझा प्रस्ताव असा, की विदर्भातील प्रत्येक जिल्हा परिषदेने आपल्या काही निवडक शाळा सुटीच्या काळात दुसऱ्या जिल्ह्यांतील शाळांच्या मुलांना मुक्कामासाठी उघडून द्याव्यात आणि त्या बदल्यात आपल्या मुलांना त्यांच्याकडे पाठवावे. तीन-चार दिवस एकाच गावात राहायचे, तेथूनच आजूबाजूचे पाहायचे आणि पुढच्या वर्षी त्यांना आपल्या गावी बोलवायचे, एवढीच ही योजना आहे. शाळेत वर्गखोल्या आहेत, पोषण आहाराचे स्वयंपाकघर व भांडी आहेत. सुटीत स्वयंपाकी ताईंच्या हाताला काम नसते. त्यांना किंवा गावच्या महिला बचत गटाला जेवणाचे रीतसर पैसे द्यावेत. अनेक गावांत पट वीसच्या खाली आल्यामुळे शाळेच्या दोन-दोन खोल्या बारमाही रिकाम्या आहेत, तेथे तर सुटीचीही वाट पाहावी लागणार नाही.

एवढ्याने काय शिकणार, असे कोणी विचारील. आमच्या समुद्रपूर-हिंगणघाट भागातील मुलाने धानाची रोवणी पाहिलेली नाही. त्याच्या लेखी शेत म्हणजे पऱ्हाटी (कापूस), तूर आणि सोयाबीन. हे मूल गोंदिया किंवा भंडारा जिल्ह्यातील गावात चार दिवस राहिले, तर त्याला बांध्यांची शेती दिसेल आणि मालगुजारी तलाव दिसतील. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी उतार ओळखून मातीचे बांध घातले आणि पूर्व विदर्भात असे हजारो तलाव उभे राहिले. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला कसा मिळतो, पाट कोठून फुटतो, पाणी कोणाला आधी व कोणाला नंतर मिळते, तलावातली मासोळी कोणाची, हे तेथल्या म्हाताऱ्याबरोबर बांधावरून चालताना समजते. पुस्तकात ‘जलव्यवस्थापन’ या धड्यात ते दोन ओळींत उरकलेले असते. संध्याकाळी ज्या घरी जेवायला जायचे तेथे भाकरीऐवजी भात असेल आणि यजमानांची झाडीबोली पहिल्या दिवशी निम्मीच कळेल. तेही शिक्षणच.

उलट भंडाऱ्याचे मूल आमच्याकडे आले, तर त्याला जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होताना दाखवता येईल. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात लावलेला कामगंध सापळा उघडून त्यातले पतंग मोजायला देता येतील. काळ्या मातीच्या भेगांत हात घालून तो कोठवर जातो हे पाहता येईल, मग आपल्या गावची माती आणि इथली माती यांत फरक का, हा प्रश्न ते मूल स्वतःच विचारील.

आणखी पूर्वेला गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर माहीत आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारे ते देशातील अगदी पहिल्या गावांपैकी एक ठरले. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘ग्रामसभा’ पाठ केलेल्या आठवीच्या मुलांनी अशा गावात एक सभा मागे बसून ऐकावी. अर्थात आधी त्या गावाची परवानगी घेऊन. आदिवासी गाव म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, हा सहलीतला पहिला धडा असला पाहिजे.

या देवाणघेवाणीचा अधिक लाभ यजमान शाळेला होईल, असे मला वाटते. पाहुण्यांना दाखवायचे म्हटले, की आपल्या गावात काय आहे याचा शोध घ्यावा लागतो. हिंगणघाटचेच उदाहरण घ्या. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढच्या सर्व मोजणीची आधाररेषा, मोजून ज्यांनी भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, ते विल्यम लॅम्ब्टन दक्षिणेकडून मोजमाप करीत करीत उत्तरेला येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावले आणि त्यांची कबर तेथेच आहे. त्यांचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेले, ज्यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. ते शिखर भूगोलाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, पण लॅम्ब्टन यांची कबर आपल्या तालुक्याच्या गावी आहे हे ठाऊक असलेली मुले मला फारशी भेटली नाहीत. पाहुण्या मुलांना तेथे नेऊन, मग शाळेच्या मैदानावर एक दोरी, दोन खुंट्या आणि कंपासपेटीतला कोनमापक घेऊन समोरच्या कडुनिंबाचे अंतर त्याच्यापाशी न जाता काढायला लावले, तर त्रिकोणमिती कशासाठी असते हे दहावीत जाण्यापूर्वीच कळेल. या कार्यक्रमाला तिकीट लागत नाही.

वर्धा जिल्ह्याला तर मुक्कामी शिक्षणाचा वारसाच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी पुढे आली आणि हातांनी काम करत शिकण्याचे प्रयोग सेवाग्रामला झाले. ते पाहायला, तेथे राहायला देशोदेशींची माणसे आली. आज आमच्या शाळांची मुले सेवाग्रामला जातात, बापूकुटी पाहतात आणि चपला घालून पुढच्या स्थळाकडे निघतात. एखाद्या गटाने तेथे सकाळची सफाई केली, चरख्यावर सूत काढून पाहिले आणि आपल्याच बापाच्या शेतातला कापूस किती कष्टाने धागा होतो हे अनुभवले, तर ती खरी भेट.

सहलीची तयारी कशी करावी, यासाठी जपानकडे पाहावे असे मला वाटते. तेथे शालेय अभ्याससहलीची परंपरा १८८६ पासूनची सांगतात. त्या वर्षी टोकियोच्या शिक्षक प्रशिक्षण शाळेतील विद्यार्थी कवायतीच्या शिस्तीत चोशीच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेले होते. आज तेथील बहुतेक प्रत्येक शाळेत अशी मुक्कामी सहल असते आणि क्योतो, नारा, हिरोशिमा ही त्यांची नेहमीची ठिकाणे आहेत. तेथील दोन प्रथा आपल्याला सहज उचलता येतील. पहिली अशी, की सहलीआधी कितीतरी आठवडे मुले त्या ठिकाणाचा अभ्यास करतात, स्वतःच माहितीपुस्तिका तयार करतात आणि क्योतोसारख्या शहरात लहान लहान गट आपापला मार्ग आखून फिरतात. हिरोशिमाला जाणारी मुले शांततेची खूण म्हणून कागदी क्रौंच पक्षी घरूनच करून नेतात आणि बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांच्या आठवणी ऐकतात. दुसरी प्रथा पैशाची आहे. सहलीचा खर्च ऐन वेळी मागण्याऐवजी पालकांकडून दरमहा थोडी थोडी रक्कम शाळेत साठवली जाते. आमच्याकडे बचत गटाच्या बायका हेच वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत, मग शाळेला ते का जमू नये? जून-जुलैपासून अशी बचत सुरू केली आणि उरलेली तूट शाळा व्यवस्थापन समितीने लोकवर्गणीतून भरून काढली, तर एकही मूल मागे ठेवावे लागणार नाही.

जपानमधील आणखी एक प्रयोग आमच्या कमी पटाच्या शाळांच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. १९७६ पासून नागानो प्रांतातील यासाका या डोंगरी खेड्यात शहरातली मुले वर्षभरासाठी राहायला येऊ लागली. गावच्या घरांत किंवा वसतिगृहात राहायचे, गावच्याच शाळेत शिकायचे आणि शेतातली कामे करायची. पुढे ही पद्धत तेथील इतर खेड्यांतही पसरली आणि विद्यार्थ्यांअभावी बंद पडू पाहणाऱ्या शाळांना तिचा आधार मिळाला. आमच्या खेड्यांत शहरातले मूल वर्षभर राहील, अशी आशा मी करीत नाही. पण नागपूरच्या शाळांतली मुले चार दिवस तरी यावीत.

अलीकडे राज्यातील काही जिल्हा परिषदांनी हुशार विद्यार्थ्यांना इस्रो आणि नासा यांच्या भेटीला नेण्याचे उपक्रम हाती घेतले आहेत. त्यांचे मी स्वागत करतो. खेड्यातल्या मुलाने विमानात बसावे आणि मोठे जग पाहावे, याला कोण विरोध करील? डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यातून निघाले, एडिंबरा आणि ऑक्सफर्ड येथे शिकले आणि परत आल्यावर त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी छात्रालय काढले. केंद्रीय कृषिमंत्री असताना दिल्लीत १९५९-६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरवून त्यांनी परदेशचे शेतीज्ञान इथल्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत आणले. परदेशगमनाचे मोल त्यांच्या विदर्भाला सांगायला नको. परंतु जिल्ह्यातून चाचणी घेऊन निवडलेली मूठभर मुले अमेरिकेला जाणार आणि बाकीची शेगावची कचोरी खाऊन परतणार, ही विभागणी मला खटकते. निवडीतून सुटलेल्यांसाठीच तर सहल असते.

शिवाय दूर जाऊन शिकण्यासाठी हुशारीचे प्रमाणपत्र लागते, हेही खरे नाही. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजमध्ये आफ्रिकेतील खेड्यांतल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक तर आजी झालेल्या बायका येऊन सहा महिने राहतात आणि सौरदिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकून आपल्या गावी उजेड नेतात. त्यांना हिंदी येत नाही आणि शिकवणाऱ्यांना त्यांची भाषा येत नाही. तारांचे रंग आणि हातांच्या खुणा यांवर शिकणे चालते. एका खेड्यातून निघून समुद्रापलीकडच्या दुसऱ्या खेड्यात जाणे, हा शैक्षणिक प्रवासाचा माझ्या माहितीतला सर्वांत समंजस नमुना आहे. ग्रामपंचायत सदस्यांच्या अभ्यास दौऱ्यांत अभ्यास किती आणि दौरा किती, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी या बायकांची माहिती अवश्य मिळवावी.

आता सुरक्षिततेविषयी. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींवरचे नियम कडक झाले, ते योग्यच झाले. मुख्याध्यापक आज सहल म्हटली की दचकतात, कारण काही घडले तर निलंबन त्यांचे होते. माझे म्हणणे एवढेच, की मुलांच्या सहलीत सर्वांत धोक्याचा भाग रस्त्यावरचा आणि अनोळखी पाण्याजवळचा असतो, आणि मुक्कामी सहलीत हे दोन्ही कमी होतात. रात्रीचा प्रवास उरत नाही. मुले ज्या गावात असतात तेथील पोलीस पाटील, सरपंच, आशा ताई आणि शिक्षक त्यांना नावाने ओळखू लागतात.

तरीही काही अटी कठोरपणे पाळाव्या लागतील. मुलींसाठी स्वतंत्र, कडी लागणारे आणि पाणी असलेले स्वच्छतागृह नसेल, तर ती शाळा या योजनेत घेऊच नये. गावाला कुंपण नसलेली खोल विहीर किंवा उघडी खदान लागून असेल, तरी नको. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ हवे आणि तेथे सर्पदंशावरचे प्रतिविष असल्याची खात्री आधी करावी, कारण जमिनीवर झोपायचे आहे. ताडोब्याच्या आणि ब्रह्मपुरीच्या बाजूला वाघाचा वावर असलेल्या गावांत वनखात्याच्या लेखी संमतीशिवाय जाऊ नये आणि दिवस मावळल्यावर तेथे कोणीही शिवाराकडे फिरकू नये. ज्या शाळांचे वीजबिल थकून जोडणी तुटली आहे, त्यांचे बिल आधी भरावे. या योजनेमुळे एवढे जरी झाले, तरी वर्षभर त्या शाळेत शिकणाऱ्यांचा फायदाच आहे.

वेळ कोणती, हाही प्रश्न आहे. विदर्भाचा उन्हाळा पाहता मे महिन्यात मुलांना बाहेर काढणे अविचाराचे होईल. आमच्या शाळाही उन्हामुळे इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. दिवाळीच्या सुटीचा उत्तरार्ध मला सर्वांत सोयीचा वाटतो. सोयाबीन घरात आलेले असते, धानाची कापणी सुरू असते, कापसाचा पहिला वेचा होत असतो, म्हणजे दोन्हीकडची शेती डोळ्यांसमोर असते आणि थंडी अजून बोचरी झालेली नसते. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग या शिक्षणविचारवंताच्या विचारातून १८४४ साली रोडिंगला पहिली लोकशाळा निघाली, तेव्हापासून शेतकऱ्यांची तरुण मुले शेतीची कामे थंडावलेल्या हिवाळ्यात तेथे राहून शिकत आली. शिक्षणाचे वेळापत्रक शेतीच्या वेळापत्रकाशी जुळवून घेण्यात त्या देशाला कमीपणा वाटला नाही.

यासाठी वेगळे धोरण आखण्याची वाट पाहण्याचेही कारण दिसत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस ठेवायला सांगितले आहेत आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कसबी माणसांकडे शिकावे, असे म्हटले आहे. त्यांतील चार दिवस दुसऱ्या जिल्ह्यातील गावच्या सुताराकडे आणि कुंभाराकडे घालवायला धोरणाची आडकाठी नसावी. मात्र शाळेबाहेर रात्र काढायची म्हणजे कोणाची परवानगी, जबाबदारी पाठवणाऱ्या मुख्याध्यापकाची की ठेवून घेणाऱ्या, विमा कोणी उतरवायचा आणि स्वयंपाकी ताईंचे पैसे कोणत्या शीर्षातून द्यायचे, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी ठरवून दिल्याशिवाय कोणताही मुख्याध्यापक पुढे येणार नाही, आणि त्याने येऊही नये.

म्हणून वर्धा आणि भंडारा या दोन जिल्हा परिषदांच्या शिक्षण समित्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी येत्या दिवाळीपुरती प्रत्येकी दोन-तीन शाळांची निवड करावी, वर दिलेल्या अटींवर त्यांची तपासणी करावी आणि गणेशोत्सवापूर्वी परिपत्रक काढावे, म्हणजे शाळांना तयारीला पुरेसा अवधी मिळेल. आमच्या तालुक्यातील निवृत्त शिक्षकांपैकी काही जण मुक्कामाच्या रात्री शाळेत झोपायला तयार आहेत. त्यांची नावे मी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात स्वतः नेऊन देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख,
तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा